पाचपर्यंत मोजताना

सोमवार ते शुक्रवार मी लाकडाचे ट्रक तोलते.
मिशिगनच्या पार उत्तरेला, हायवेच्या कडेला
ट्रक काट्यावर चढतो, मी काच सरकवते,
आकडा सांगते.
आकड्याशी कुणी भांडत नाही.
फार तर म्हणतात, ओंडक्यांवर बर्फ होतं, लोर्ना.

शनिवारी पट्ट्यापट्ट्यांचा सदरा चढवून
शाळेच्या जिममध्ये उभी राहते,
जिथं पोरांनी रात्री जागून बांधलेली यंत्रं
एकमेकांवर आदळतात.
पन्नास-पन्नास किलोची धुडं. लाल बंपर, निळे बंपर.
धक्का चालतो. धक्का हाच तर खेळ.
पण कोपऱ्यात दाबून धरलं की मोजायचं,
हात उंच करून, शेवटच्या बाकाला दिसेल असं:
एक
दोन
तीन
आणि बंपर ओलांडून कुणाचा लोखंडी हात
दुसऱ्याच्या तारांत शिरला, तर झेंडा.
पुस्तकात नियम चार ओळींचा आहे.
त्या चार ओळींत कुठेही
दुखणारे गुडघे नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पंचांनी
घड्याळ लावून मोजून पाहिलं.
डेल्बर्टचे पाच साडेतीन सेकंदांत संपले.
माझे सहाला टेकले.
हसलो सगळे. सँडविचचे कागद गोळा केले.

त्याआधी, सकाळच्या अकराव्या सामन्यात
सिग्ने हापालाच्या यंत्राचा हात
लाल यंत्राच्या पोटात गेला होता.
पहिल्याच वर्षी आलेल्या पोरी,
पत्र्यावर अजून पेन्सिलीच्या खुणा.
झेंडा टाकताना पापणीसुद्धा लवली नाही माझी.
त्या झेंड्याने त्या घरी गेल्या,
म्हणजे घरी नाही, बाहेर वादळ होतं,
तिसऱ्या बाकावर जाकिटं पांघरून बसल्या.

आणि आता अंतिम सामना.
ढोल. रंगवलेले चेहरे.
गेल्या वर्षीचे विजेते, त्यांच्या शहराची निम्मी वस्ती उजवीकडे.
तसाच हात. तसंच पोट. तारेचा तसाच तुकडा
गालिच्यावर.
माझा झेंडा कमरेलाच राहिला.

मनात म्हटलं, ओघात गेला असेल.
मनात म्हटलं, शेवटचा सामना आहे, खेळू दे पोरांना.
सकाळी कोण होतं मग, पोरं नव्हती?

जमिनीवर चिकटपट्टीचा एक चौकोन असतो.
शंका असेल त्याने तिथं येऊन उभं राहायचं,
फक्त पोरांनी; मास्तर नाही, आईबाप नाहीत.
कॅस्पर नीमी येऊन उभा राहिला,
हरलेल्या बाजूचा, हातमोजे दातात धरलेला.
ते काढून म्हणाला,
अकराव्या सामन्यातलं आणि यातलं
अंतर मला समजावून सांगाल का?
आवाज चढवला नाही. चढवला असता तर
मला सोपं गेलं असतं.

त्याच्या खांद्यावरून तिसरा बाक दिसत होता.
सिग्ने चष्मा पुसत होती.

काट्यावर मी कधी कुणाला झुकतं माप दिलं नाही.
भावाचा ट्रक परत पाठवलाय, नाताळच्या आदल्या दिवशी.
मापात पाप नको, एवढंच तर येतं मला.

अंतर नाही, म्हटलं.
आणि झेंडा टाकला, चार मिनिटं उशिरा,
थांबलेल्या यंत्रांवर.

उजवीकडून जे ओरडले ते इथं लिहीत नाही.
कॅस्पर आभार मानून परत गेला.
सिग्नेला काय मिळालं?
तिचा झेंडा बरोबरच होता. आताचाही बरोबर.
मधली चार मिनिटं तेवढी माझी.

सरकारी माणूस वर्षातून दोनदा येतो,
पितळी वजनं पेटीतून काढून
माझा काटा तपासतो, शिक्का मारतो.
त्याला विचारावं म्हणते,
संध्याकाळचे डोळे सकाळच्या डोळ्यांशी
ताडून बघायला काही असतं का तुमच्याकडे?

रात्री घरी जाताना, रस्त्यावर चिटपाखरू नाही,
लाल दिव्यापाशी गाडी थांबवून मोजलं.
एक, दोन, तीन, चार, पाच.
घड्याळ म्हणालं, चार पूर्णांक दोन.
दिवा हिरवा झाला.
मी तिथंच. पुन्हा.
एक.